बालाटन, मार्च 1945 : हरत आलेल्या सैन्याची शेवटची मोठी रणगाडा-चढाई

भुईकोट (धागाकर्ता)

1945च्या मार्चचा युरोपचा नकाशा समोर धरला की एक गोष्ट डोळ्यांना खुपते. सोव्हिएत फौजा ओडर नदीवर क्युस्ट्रिनपाशी येऊन ठाकल्यात. तिथून बर्लिन जेमतेम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. पश्चिमेला अमेरिकन र्‍हाईनला भिडलेत, 7 मार्चला रेमागेनचा पूल त्यांच्या हाती पडतो. आणि जर्मनीकडे उरलेली सगळ्यांत दांडगी रणगाडा-फौज, सेप डिट्रिशची 6वी पॅन्झर आर्मी, यातल्या कुठल्याच आघाडीवर नाही. ती आहे हंगेरीत, बालाटन सरोवराच्या काठी. तिला काम दिलंय तेही बचावाचं नाही, चढाईचं.

‘वसंत-जागृती’ असं या मोहिमेचं नाव. सुरुवात 6 मार्च, दहा दिवसांत खेळ खलास. बेल्जियममधल्या आर्देनच्या लढाईवर ढिगानं लिहिलं गेलंय, बर्लिनवर त्याहून जास्त. बालाटनवर मराठीत मला दोन-चार परिच्छेदांपलीकडे काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी जागा समजून घेऊ. पश्चिमेला लांबुळकं बालाटन सरोवर, ईशान्येला छोटं वेलेन्त्से सरोवर, दोन्हींच्या मध्ये सेकेशफेहेरवार शहर. पूर्वेला डॅन्यूब उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. सरोवरं आणि डॅन्यूब यांच्यामधला मुलूख सपाट, शेतीचा, आणि त्याला कालव्यांनी चिरा पाडलेल्या. शारविझ कालवा या मुलखाचे उभे दोन भाग करतो. बालाटनमधून निघणारा शिओ कालवा दक्षिणेची वाट अडवतो. जर्मन बेत असा : मुख्य घाव दोन सरोवरांमधून डॅन्यूबपर्यंत घालायचा. बालाटनच्या दक्षिणेकडून डी अँजेलिसच्या 2ऱ्या पॅन्झर आर्मीनं कापोशवारच्या दिशेनं यायचं. तिसऱ्या बाजूनं युगोस्लाव्हियातल्या फौजांनी ड्रावा नदी ओलांडून वर चढायचं. तिन्ही हात एकत्र आले की सोव्हिएत सेनापती टोलबुखिनची 3री युक्रेनियन आघाडी (हे एका सैन्यगटाचं नाव) मधल्या मध्ये चिरडली जाईल, डॅन्यूबची रेषा परत मिळेल, जमलं तर बुडापेस्टही. बुडापेस्ट 13 फेब्रुवारीलाच पडलं होतं.

सोव्हिएत हिशोबाप्रमाणे जर्मन बाजूला 4 लाख 31 हजार माणसं आणि 877 रणगाडे व तोफगाड्या होत्या. टोलबुखिनकडे माणसं जवळपास तितकीच, 4 लाख 7 हजार. रणगाडे मात्र चारशेच्या आसपास. म्हणजे 1945 सालीसुद्धा एका ठिकाणी रणगाड्यांची संख्या जर्मनांच्या बाजूनं दुप्पट होती. आणि तरी ते हरले, हा मला या लढाईचा गाभा वाटतो.

जर्मन सेनापतींच्या युद्धानंतरच्या सांगण्यावर जायचं तर दोष चिखलाचा. डिट्रिशनं सांगितलं की 132 गाड्या चिखलात अडकल्या आणि 15 किंग टायगर रणगाडे तोफेच्या घुमटापर्यंत रुतले. चिखल होताच. त्या वर्षी बर्फ लवकर वितळलं, कालवे तुडुंब भरले. मराठवाड्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत जातं, तशी ती माती. त्यात सत्तर टनांचा किंग टायगर घालायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण चिखल दोन्हीकडे होता, आणि मार्चमध्ये हंगेरीत चिखल असतो हे व्योलरच्या दक्षिण सैन्यगटाला हल्ल्याआधी ठाऊक होतं. ही मोहीम चिखलात बुडाली हे मला पटत नाही. ती टोलबुखिनच्या खंदकांवर आपटली, आणि न वापरलेल्या एका सोव्हिएत सैन्यानं तिचा शेवट केला. सविस्तर खाली प्रतिसादांत लिहितो. तुमची मतं येऊ द्या.

रोखठोक

धागा उत्तम. पण चिखलाला इतकं हलकं घेऊ नका. चढाई करणाऱ्याला हलावं लागतं, बचाव करणारा जागेवर बसलेला असतो. म्हणजे चिखल दोघांना सारखा नाही. रणगाडे रस्ता सोडून उतरूच शकले नाहीत. मग ते एकामागे एक रस्त्यानंच येणार, आणि रस्ता कुठला हे तोफखान्याला पाठ असणार. माझ्या मते हिटलरनं ही जागा निवडली तिथेच सगळं संपलं. जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख गुडेरियन ओरडून सांगत होता की ही फौज ओडरवर द्या. ऐकलं नाही. वेडेपणा, दुसरा शब्द नाही.

निर्मोही

एक प्रश्न. आर्देन ही शेवटची मोठी जर्मन चढाई असं शाळेपासून वाचलंय. मग ही ‘शेवटची’ कशी?

भुईकोट

@निर्मोही, आर्देन ही पश्चिम आघाडीवरची शेवटची. 16 डिसेंबर 1944ला सुरू झाली आणि जानेवारीअखेर संपली. तिथे ठेचाळलेली 6वी पॅन्झर आर्मीच पुढे डागडुजी करून हंगेरीत आणली. जानेवारीत बुडापेस्टचा वेढा फोडायला ‘कोनराड’ नावाचे तीन हल्ले झाले, तेही याच मुलखात. फेब्रुवारीत गारम नदीवरचा सोव्हिएत तळ उखडायला ‘दक्षिणवारा’ ही छोटी मोहीम झाली, ती जर्मनांनी जिंकली. त्यानंतरची ‘वसंत-जागृती’. तिच्यानंतर जर्मनीनं अनेक रणगाडे एकत्र करून मोठ्या प्रमाणावर चढाई केली नाही.

@रोखठोक, रस्त्यांचा मुद्दा मान्य. पण वेडेपणावर माझं मत वेगळं आहे. या हल्ल्यामागे एक खरीखुरी गरज होती : तेल. या विषयावर आपल्याकडे जाणकार आहेत. तेलवातकाका, वाचताय ना?

तेलवात

वाचतोय. तेलक्षेत्रात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

रुमानियानं 23 ऑगस्ट 1944ला बाजू बदलली आणि आठवड्याभरात प्लोएश्तीची तेलक्षेत्रं सोव्हिएतांकडे गेली. जर्मनीचा दुसरा आधार कोळशापासून कृत्रिम इंधन करणारे कारखाने. त्यांच्यावर 12 मे 1944पासून अमेरिकन बॉम्बफेक सुरू झाली, लॉइना वगैरे. विमानांच्या इंधनाचं उत्पादन एप्रिल 1944मध्ये महिन्याला 1 लाख 75 हजार टन होतं, ते सप्टेंबरात वीस हजारांच्या खाली आलं. अशा वेळी जमिनीतून निघणारं तेल उरलं ते मुख्यतः ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ आणि हंगेरीत नाजकानिझाच्या परिसरात. बालाटनच्या नैऋत्येला हा ‘झाला’ (Zala) नावाचा प्रांत. हंगेरीचं उत्पादन वर्षाला आठेक लाख टन होतं. रुमानियाच्या मानानं थोडं, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ते खूप.

या तेलाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. 1937 साली लिश्पे गावाजवळ ते सापडलं, आणि शोधणारी कंपनी होती न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलची उपकंपनी. म्हणजे अमेरिकन पैशानं खोदलेल्या विहिरींसाठी 1945 साली एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, रणगाडा-डिव्हिजन लढत होत्या.

आता माझा खरा मुद्दा. विहिरीतून निघतं ते कच्चं तेल. ते रणगाड्यात घालता येत नाही. त्याला शुद्धीकरण कारखाना लागतो, साठवणटाक्या लागतात, रेल्वेच्या टाकीगाड्या लागतात. हंगेरीतले आणि व्हिएन्नाभोवतालचे कारखाने 1944च्या उन्हाळ्यापासून बॉम्बखाली होते. 12 मार्च 1945ला, म्हणजे ही चढाई ऐन भरात असताना, सातशेहून जास्त अमेरिकन बॉम्बर व्हिएन्नाच्या फ्लोरिड्सडॉर्फ शुद्धीकरण कारखान्यावर आले. त्याच हल्ल्यात व्हिएन्नाचं ऑपेराघर जळालं. जमिनीवर विहिरी राखायला माणसं मरतायत, आणि दोनशे किलोमीटरवर तेच तेल शुद्ध करायची सोय आकाशातून मोडली जातेय. म्हणून मी म्हणेन, गरज खरी होती, उपाय खोटा होता. विहिरी वाचवून युद्ध वाचणार नव्हतं.

रोखठोक

काका, हे 12 मार्चचं माहीत नव्हतं. पण यानं माझंच म्हणणं पक्कं होतं. ज्या तेलाचा उपयोग करता येत नाही त्यासाठी बर्लिनसमोरची वाट उघडी टाकली.

भुईकोट

त्याचा क्रम बघा. 12 जानेवारीला व्हिश्चुला नदीवर सोव्हिएत हल्ला सुरू झाला, पोलंडमधली जर्मन फळी कोसळली. 16 जानेवारीला हिटलर बर्लिनला परतला आणि त्याच सुमारास त्यानं 6वी पॅन्झर आर्मी हंगेरीला पाठवायचा निर्णय सांगितला. गुडेरियनचा विरोध तेव्हापासूनचा. फौज पश्चिमेकडून रेल्वेनं आणायची, रूळ आणि जंक्शनं रोज बॉम्बखाली. जमवाजमव पुरी व्हायला फेब्रुवारी उलटला. या सगळ्या काळात ती ओडरवरही नव्हती आणि बालाटनवरही नव्हती. निर्णय बरोबर की चूक यापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटतं.

चिलखत

रणगाड्यांबद्दल थोडं.

मुख्य घावात दोन एसएस पॅन्झर कोअर (काही डिव्हिजनांचा मिळून एक गट) होत्या. पहिल्या कोअरमध्ये 1ली आणि 12वी एसएस डिव्हिजन, दुसऱ्या कोअरमध्ये 2री आणि 9वी. त्यांच्या उजव्या हाताला घोडदळ कोअर, डाव्या हाताला ब्राइटची 3री पॅन्झर कोअर. पँथर, पॅन्झर-4, याग्डपॅन्झर आणि किंग टायगरच्या दोन बटालियन. कागदावर जबरदस्त. पण कागदावरच्या रणगाड्यांतले पुष्कळसे दुरुस्तीला पडलेले असत. चालू स्थितीतला आकडा नेहमी बराच खाली असे. आणि डिव्हिजनमधली माणसं? आर्देनमध्ये मेलेल्यांच्या जागी हवाईदलाचे जमिनीवरचे कर्मचारी आणि नौदलाचे खलाशी भरले होते. त्यांना काही आठवड्यांत पायदळ बनवलं. रणगाड्याला खंदकातल्या माणसापासून वाचवायला पायदळच लागतं. ते पायदळ जुन्या तोलामोलाचं नव्हतं.

समोर काय होतं तेही ऐका. टोलबुखिनचा बचाव 25 ते 30 किलोमीटर खोल. एकामागे एक खंदकांच्या ओळी, रणगाडाविरोधी तोफांचे ठरवून दिलेले टापू, सुरुंग. कुर्स्कच्या मोठ्या रणगाडा-लढाईत जे शिकले तेच इथे कमी वेळात उभं केलं. एसयू-100 ही नवी तोफगाडी याच लढाईत पहिल्यांदा मोठ्या संख्येनं उतरली. तिची 100 मिलिमीटरची तोफ पँथरला लांबून फोडत असे. आणि 1ली गार्ड्स मेकॅनाइज्ड कोअर तर अमेरिकन शर्मन रणगाड्यांवर लढत होती. हंगेरीच्या शेतात रशियन माणसं अमेरिकन रणगाड्यात बसून जर्मनांशी लढतायत, या दृश्यात अख्खं दुसरं महायुद्ध आहे.

निर्मोही

पण सोव्हिएतांना हल्ला कळला कसा? जर्मनांनी गुप्तता पाळली नव्हती का?

भुईकोट

पाळली, आणि तीच अंगाशी आली.

6व्या पॅन्झर आर्मीला खोटं नाव दिलं होतं, जणू ते हंगेरीतल्या अभियंता-तुकड्यांचं मुख्यालय आहे. सैनिकांच्या बाह्यांवरच्या डिव्हिजनच्या पट्ट्या काढायला लावल्या. हल्ल्याच्या जागेची आधी पाहणी करायला बंदी होती, म्हणजे कुठला रस्ता रणगाडा पेलेल आणि कुठला नाही हे अधिकाऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघताच आलं नाही. तुकड्या आघाडीपासून लांब उतरवल्या आणि रात्री चिखलातून चालवत आणल्या. दुसरी एसएस कोअर तर ठरल्या वेळी सुरुवातीच्या रेषेवर पोहोचलीच नाही, तिचा हल्ला उशिरा सुरू झाला. चिखलाची चर्चा करताना हे विसरलं जातं. चिखलाची पाहणी त्यांनी आपणहून टाळली होती.

आणि एवढं करून गुपित राहिलं का? गारमवरच्या ‘दक्षिणवारा’ मोहिमेत 1ली एसएस पॅन्झर कोअर वापरली. तिथेच सोव्हिएतांना कळलं की पश्चिमेतली फौज हंगेरीत आलीय. एका छोट्या विजयासाठी मोठ्या हल्ल्याचं गुपित खर्च केलं.

याच संदर्भात स्टॅलिननं रूझवेल्टला 7 एप्रिल 1945ला लिहिलेलं पत्र महत्त्वाचं आहे. फेब्रुवारीत अमेरिकन सेनाप्रमुख मार्शलनं सोव्हिएतांना कळवलं होतं की जर्मन दोन ठिकाणी जमवाजमव करतायत, एक पोमेरेनियात आणि दुसरी मोराव्हस्का ओस्ट्राव्हाकडे. प्रत्यक्षात घाव पडला बालाटनवर. स्टॅलिन त्या पत्रात म्हणतो की टोलबुखिननं अनर्थ टाळला याचं एक कारण, आपल्या हेरांनी हा हल्ला थोडा उशिरा का होईना ओळखला. पत्राचा सूर संशयाचा आहे. दोस्तांमधली फट या लढाईच्या निमित्तानं कागदावर उतरली.

सह्यकन्या

फार चांगली चर्चा चाललीय. मी वेगळ्या बाजूनं येते. आमच्या घरात मराठा लाइट इन्फंट्रीचा वारसा आहे, त्यामुळे इटलीची आघाडी हा माझा विषय.

बालाटनच्या दक्षिणेकडून जी 2री पॅन्झर आर्मी चालून गेली, तिच्यात 16वी एसएस डिव्हिजन होती. ही फेब्रुवारीत इटलीतून काढून हंगेरीत नेली. इटलीत तिनं काय केलं होतं ते सांगायलाच हवं. 12 ऑगस्ट 1944ला सांतान्ना दी स्ताझ्झेमा आणि सप्टेंबरअखेरीपासून मार्झाबोत्तो, या दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांची कत्तल. बायका, तान्ही मुलं, कुणालाही सोडलं नाही. रणगाडे आणि सेनापती यांच्या गप्पांत ही माणसं कोण होती हे पुसलं जाऊ नये.

आणि ती इटलीतून गेल्यावर तिथे काय झालं? 9 एप्रिल 1945ला 8व्या ब्रिटिश आर्मीनं सेनिओ नदी ओलांडली. त्यात 8वी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात आपली 1/5 मराठा, म्हणजे 5व्या मराठा रेजिमेंटची 1ली बटालियन. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणलं. मग एकट्यानं तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर गन टाकून हातबाँब वापरले. काठावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली, आणि मागची कंपनी पुढे आली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हंगेरीशी याचा थेट संबंध जोडायचा नाही मला. पण जर्मनीनं हंगेरीसाठी इतर आघाड्या कशा सोलून काढल्या, हे कळायला इटलीही बघावी लागते.

भुईकोट

ताई, मनापासून आभार. 16व्या एसएसचा हा प्रवास धाग्यात यायलाच हवा होता.

दुनाकाठ

नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त हंगेरीत राहतो, बुडापेस्टच्या जवळ. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

बुडापेस्टहून बालाटनला सुट्टीला जाणारे सगळे याच रणभूमीतून जातात. महामार्ग वेलेन्त्से सरोवराच्या कडेनं सेकेशफेहेरवारला आणि तिथून बालाटनला पोहोचतो. उन्हाळ्यात मक्याची आणि सूर्यफुलांची शेतं. मार्चमध्ये मात्र नांगरलेली काळी जमीन आणि सऱ्यांमध्ये साठलेलं पाणी. फोटोत हा मुलूख नुसता सपाट दिसतो, पण पायी हिंडलात की दर थोड्या अंतरावर एक चर नाहीतर ओढा आडवा येतो. रणगाड्याला हे किती जाचक झालं असेल ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

सेकेशफेहेरवारचं मला जास्त वाईट वाटतं. हे हंगेरीच्या राजांच्या राज्याभिषेकाचं जुनं शहर. 1944च्या डिसेंबरात ते सोव्हिएतांनी घेतलं, जानेवारीत जर्मनांनी परत घेतलं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी पुन्हा सोव्हिएतांकडे गेलं. प्रत्येक वेळी रस्त्यारस्त्यांतून लढाई. इथली माणसं तेव्हा तळघरांत राहत होती. वर कोणाचं राज्य आहे हे त्यांना बुटांच्या आवाजावरून कळत नव्हतं, आणि कोणीही आलं तरी त्यांचं भलं होणार नव्हतं. ऑक्टोबर 1944पासून सत्ता सालाशीच्या ‘बाणक्रॉस’ या हंगेरियन नाझीधार्जिण्या पक्षाकडे होती, त्यांनी ज्यूंना डॅन्यूबच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. सोव्हिएत आल्यावर लूट आणि बायकांवरचे अत्याचार. इथल्या म्हाताऱ्यांशी या काळाबद्दल बोलायला गेलं की ते विषय बदलतात, असा माझा अनुभव.

बल्गेरियन फौजेचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. ड्रावा नदीवर जर्मनांना कुणी थोपवलं तर स्तोइचेव्हच्या 1ल्या बल्गेरियन आर्मीनं, लाखभर माणसांनी. सोबत सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह तुकड्या. बल्गेरिया सप्टेंबर 1944पर्यंत जर्मनीचा मित्र होता. सहा महिन्यांत त्याच जर्मनीविरुद्ध हंगेरीच्या मातीत लढला. दक्षिणेला हारकान्य हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, तिथे बल्गेरियन सैनिकांची दफनभूमी आहे. पर्यटक झऱ्यांवर जातात, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

चिलखत

दुनाकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवला. शिओ कालव्याजवळ गेला आहात का? जर्मनांची सगळ्यांत पुढची मजल तिथेच होती ना?

भुईकोट

होय, तिथपर्यंतच. आता दहा दिवसांचा हिशोब मांडतो.

6 मार्चला पहाटेपूर्वी ड्रावावर, मग बालाटनच्या दक्षिणेला, आणि सकाळी सरोवरांच्या मध्ये तोफा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी मुख्य भागात मजल जेमतेम तीन-चार किलोमीटर. वेलेन्त्सेच्या दक्षिणेला शेरेगेयेश गाव पडलं. पुढचे दिवस 26व्या सोव्हिएत आर्मीवर दाब वाढत गेला. शारविझ कालव्याच्या पश्चिमेला जर्मन जास्त पुढे सरकले, पूर्वेला दुसरी एसएस कोअर खंदकांत अडकून बसली. टोलबुखिननं मागची 27वी आर्मी आणि आपल्या रणगाडा-कोअर तुकड्या-तुकड्यांनी पुढे आणल्या. 11-12 मार्चच्या सुमाराला शिमोनतोर्न्यापाशी जर्मनांनी शिओ कालवा ओलांडून पलीकडे छोटासा तळ मिळवला. 14 मार्चला राखीव 6वी पॅन्झर डिव्हिजनही आत ओतली. जास्तीत जास्त मजल तीसेक किलोमीटर. डॅन्यूब दिसलीच नाही. दक्षिणेचा हात कापोशवारला पोहोचला नाही, ड्रावावरचा हात काठावरच थांबला.

यातला सगळ्यांत नाट्यमय भाग मला रणांगणावर नाही, टेलिफोनवर दिसतो. सोव्हिएत सर्वोच्च मुख्यालयानं फेब्रुवारीतच व्हिएन्नावरच्या चढाईचा आदेश दिला होता, 15 मार्चपर्यंत तयार राहा म्हणून. त्यासाठी ग्लागोलेव्हची 9वी गार्ड्स आर्मी ताजी, पूर्ण भरलेली, बाजूला ठेवली होती. बालाटनवर दाब वाढल्यावर टोलबुखिननं 9 मार्चला ती मागितली. उत्तर आलं, नाही. ती बचावात खर्चायची नाही. जनरल स्टाफमधल्या श्तेमेन्कोनं लिहिलंय की टोलबुखिननं डॅन्यूबच्या पलीकडे माघार घेण्याबद्दलही विचारलं, तेव्हा स्टॅलिनचं म्हणणं पडलं : युद्ध आणखी पाच-सहा महिने लांबवायचं असेल तर खुशाल जा. टोलबुखिन थांबला. हा माणूस मधुमेहानं आजारी होता, 1949 साली वारला. झुकोव्ह-कोनेव्हच्या मानानं त्याचं नाव कुणी घेत नाही. हाताशी ताजं सैन्य असताना ते न वापरता दहा दिवस धरून राहणं, हे मला कुठल्याही चढाईपेक्षा अवघड वाटतं.

त्याच्या मागे डॅन्यूब होती हेही लक्षात घ्या. हिवाळ्यात वाहत्या बर्फानं तात्पुरते पूल मोडत होते. सोव्हिएत अभियंत्यांनी नदीवरून दोरमार्ग टाकला आणि इंधनासाठी नळ टाकला. जर्मन फौज इंधनाच्या विहिरींसाठी लढत होती आणि तिच्या टाक्या रिकाम्या राहत होत्या. समोरचे नदीपलीकडून नळानं इंधन आणत होते.

रोखठोक

हा टेलिफोनचा प्रसंग वाचून चिखलावरचा माझा भर थोडा कमी करतो. रणगाडे कोरड्या जमिनीवर असते तरी डॅन्यूबपर्यंत पोहोचून पुढे काय केलं असतं? उत्तरेला 9वी गार्ड्स बसलेलीच होती.

भुईकोट

अगदी बरोबर बोललात. 16 मार्चला तीच बाहेर पडली. वेलेन्त्सेच्या उत्तरेला, जिथे जर्मन-हंगेरियन फळी पातळ होती, तिथे 9वी आणि 4थी गार्ड्स आर्मी घुसल्या. 19 मार्चला क्रावचेंकोची 6वी गार्ड्स टँक आर्मी मागून सोडली. आता डिट्रिशची सगळी ताकद दक्षिणेकडे तोंड करून दोन सरोवरांच्या मध्ये, आणि तिच्या पाठीमागे दार बंद होत चाललेलं. बालाटनच्या उत्तर टोकाजवळच्या अरुंद पट्ट्यातून बहुतेक माणसं निसटली. रणगाडे नाही निसटले. ज्यांना इंधन नव्हतं ते उडवून दिले, जे दुरुस्तीला होते ते तसेच राहिले.

नुकसानीचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. सोव्हिएत दावा आहे चाळीस हजारांहून जास्त जर्मन सैनिक आणि पाचशेच्या आसपास रणगाडे-तोफगाड्या. 6 ते 15 मार्चच्या जर्मन नोंदींत कायमचे गेलेले रणगाडे त्याच्या कितीतरी कमी आहेत. दोन्हीत ताळमेळ का नाही? कारण चढाईत बिघडलेला रणगाडा जर्मन कागदावर ‘दुरुस्तीत’ असतो, आणि माघार सुरू झाली की तोच मुकाट्यानं शत्रूचा होतो. लढाईनंतर सोव्हिएत पथकांनी शेतांत पडलेल्या सांगाड्यांवर रंगानं क्रमांक टाकले आणि एकेकाचे फोटो काढले. ते फोटो आजही रणगाडा-अभ्यासकांच्या फार उपयोगी पडतात. सोव्हिएत बाजूचं नुकसानही थोडं नव्हतं : 32,899, त्यात 8,492 मृत, बेपत्ता वगैरे कायमचे गेलेले.

निर्मोही

आणि बाह्यांवरच्या पट्ट्यांची ती प्रसिद्ध गोष्ट?

चिलखत

हिटलरनं मार्चच्या शेवटी हुकूम काढला की हंगेरीतल्या एसएस डिव्हिजनांनी नामपट्ट्या काढाव्यात, ते नावाला जागले नाहीत. हुकूम खरा. डिट्रिशनं पट्ट्या आणि पदकं गोळा करून बर्लिनला परत पाठवली वगैरे जे रंगवून सांगतात, ती दंतकथा. या कथेत एसएसला मानी शिपाई बनवायची सोय आहे, म्हणून ती टिकली. डिट्रिशवर पुढे माल्मेदीच्या कैदी-हत्याकांडासाठी खटला चालला, जन्मठेप झाली, 1955 साली तो सुटला. आर्देनमध्ये नि:शस्त्र अमेरिकन कैद्यांना मारणारे त्याच्याच हाताखालचे होते. आणि तीच 1ली एसएस डिव्हिजन बालाटनवर होती.

सह्यकन्या

हे लिहिलंत ते बरं केलं. मानापमानाच्या गोष्टींत मेलेल्यांची आठवण बाजूला पडते.

तेलवात

तेलाची गोष्ट पुरी करून टाकतो. नाजकानिझा 2 एप्रिल 1945ला सोव्हिएत आणि बल्गेरियन फौजांनी घेतलं. 6 मार्चपासून महिनासुद्धा भरला नाही. व्हिएन्ना 13 एप्रिलला पडलं.

ज्यानं हंगेरीचं हे तेल शोधलं तो भूशास्त्रज्ञ शिमोन पाप. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीनं 1948मध्ये त्या अमेरिकन तेलकंपनीच्या अधिकाऱ्यांवर घातपाताचा बनावट खटला भरला. मुद्दाम तेल कमी काढलं असा आरोप. पापला फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेवर आणली. तुरुंगातही त्याच्याकडून भूशास्त्राचं काम करून घेतलं. 1955 साली तो सुटला. कंपनी सरकारनं ताब्यात घेतली. ज्या तेलक्षेत्रासाठी हजारो माणसं मेली ते ज्यानं शोधलं, त्याच्या वाट्याला हे आलं. आमच्या व्यवसायातल्या माणसांना हे नाव माहीत असावं असं मला फार वाटतं.

निर्मोही

पुढच्या वर्षी मध्य युरोपला जायचं ठरतंय. दुनाकाठ, हा भाग बघायचा तर कसा बघावा?

दुनाकाठ

बुडापेस्टहून सकाळी निघा. वेलेन्त्से सरोवर, मग सेकेशफेहेरवारचा जुना भाग. तिथून दक्षिणेला शेरेगेयेश आणि आबाच्या बाजूनं शारविझच्या कडेकडेनं खाली उतरा. शिमोनतोर्न्याला एक छोटा जुना किल्ला आहे, त्याच्या आसपास कालवा बघून घ्या. चिलखत, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, मी गेलोय. कालवा फार रुंद नाही. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर हारकान्यला बल्गेरियन दफनभूमी. शक्य झालं तर मार्चमध्येच या, आणि जुने बूट आणा. निघण्याआधी निरोप टाका, मी सोबत येईन.